बिदरहून कोठीपर्यंत

बिदर शहर ज्या तांबड्या जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे, तेथून जहिराबादकडे उतरणारी सकाळची बस आम्ही दोघांनी पकडली, तेव्हा माझ्या पिशवीत प्रार्थनापुस्तक आणि पाण्याची बाटली होती. आणि माझ्या सोबत्याच्या खिशात, काड्यापेटीत कापसात गुंडाळलेले, दोन मेलेले ट्रान्झिस्टर होते. 'मेलेले' हा शब्द त्याचाच. तो दिवस २०२५ सालच्या पवित्र आठवड्यातील मंगळवार, १५ एप्रिल. सोमवारी डॉ. आंबेडकर जयंतीची सुट्टी असल्यामुळे दुकाने बंद असतील, या भयाने आम्ही एक दिवस थांबलो होतो. पवित्र आठवड्यात धर्मगुरूने आपले धर्मग्राम सोडून विजेचे सुटे भाग शोधीत हैदराबादेस जावे, हे काही वाचकांस विचित्र वाटेल. त्याचे कारण सांगणे मला प्राप्त आहे.

आमचा मुलूख सीमेवरचा. १९५६ पूर्वी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यातच मोडत. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, ते तालुके मुंबई राज्यात गेले आणि बिदर म्हैसूर राज्यात आले. औराद, भालकी, बसवकल्याण या बाजूस आजही घरोघरी मराठी ऐकू येते. २००५ साली गुलबर्गा धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हापासून आम्ही त्याचे. (गुलबर्ग्याचे नाव २०१४ पासून कलबुर्गी झाले, पण जुनी माणसे अजून गुलबर्गाच म्हणतात.) आमच्याकडे मिस्सा कानडीत होते, म्हाताऱ्या बायका भक्तिगीते मराठीत गातात, आणि बाजारात तिघांचीही भाषा दखनी.

या छोट्या धर्मग्रामात ऑर्गन कोठला? एक जुनी बाजाची पेटी आहे, तिचे दोन सूर उन्हाळ्यात बसतात. गिटार वाजविणारा मुलगा एकच. आयटीआयमध्ये विजेचे काम शिकलेला, वडील गवंडी. हा मुलगा दोन वर्षांपूर्वी आपल्या गिटारीला पायाने दाबायची एक डबी जोडून मंदिरात घेऊन आला. तिला 'फझ पेडल' म्हणतात. त्याने पाय दाबला, एक तार छेडली, आणि जो करकरीत, लांबच लांब आवाज निघाला, तो ऐकून मी सर्वांदेखत म्हणालो, "बाळ, हे देवाचे घर आहे, लग्नाचा मांडव नव्हे." तो काही बोलला नाही. गिटार पिशवीत घातली. त्यानंतर तो मिस्सेला आला नाही. वर्षभर आला नाही. त्याची आई दर रविवारी पुढच्या बाकावर बसे आणि माझ्याकडे पाहत नसे.

माझ्या बोलण्याला आधार होता, असे मी स्वतःला सांगत असे. पोप दहावे पायस यांनी १९०३ साली पियानो, ढोल, झांजा यांना मंदिरात मनाई केली होती, हे सेमिनरीत आम्ही शिकलो होतो. परंतु त्याच सेमिनरीत हेही शिकलो होतो, की दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये ऑर्गनचा मान राखून इतर वाद्यांनाही, ती पवित्र कार्यास योग्य असतील किंवा तशी करता येतील तर, दार उघडले. 'तशी करता येतील तर' हे शब्द मला उशिरा आठवले. गेल्या नाताळाआधी मी त्यांच्या घरी गेलो आणि त्या डबीत काय आहे ते मला दाखव, असे त्याला म्हणालो.

त्याने दाखविले, आणि मी थक्क झालो. लंडनमध्ये १९६६ साली निघालेल्या 'फझ फेस' नावाच्या पेडलची ती नक्कल होती. आत अवघे अकरा भाग : दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन फिरकीची बटणे. तारेतून आलेला क्षीण विद्युत्प्रवाह ट्रान्झिस्टर इतका वाढवितो, की लहरीचे माथे छाटले जातात. त्यामुळे आवाज खरखरीत होतो, आणि विझत जाणारा सूर बराच वेळ टिकून राहतो. या आवाजाचा जन्मही मौजेचा आहे. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स या गायकाचे गाणे ध्वनिमुद्रित होत असता यंत्रातील एक भाग बिघडला, आवाज फाटला, आणि लोकांना तो बिघाडच आवडला. १९६२ साली तो मुद्दाम काढणारी पहिली डबी बाजारात आली.

"पण फादर, मला तो फाटका आवाज नकोच आहे," मुलगा म्हणाला. "मला फक्त लांब सूर हवा. पेटीसारखा. गिटारीचे बटण थोडे उतरवले की खरखर जाते आणि सूर तेवढा उरतो." त्याने वाजवून दाखविले. दोन वर्षांपूर्वी मी एक मिनिट थांबलो असतो, तर हेच ऐकले असते.

त्या डबीतील ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. त्याच्या मावसभावाने ते मेलबर्नहून पाठविले होते. ऑस्ट्रेलियात घरच्या घरी यंत्रे जुळविण्याचा छंद जुना आहे. सिडनीत १९६८ साली सुरू झालेली डिक स्मिथ यांची दुकाने तेथे घरोघरी ठाऊक होती. ती २०१६ साली बंद पडली. जेकार, अल्ट्रॉनिक्स यांसारखी दुकाने आजही तेथील छांदिष्टांना रेझिस्टरपासून धातूच्या डबीपर्यंत सारे पुरवितात. जर्मेनियमचे जुने ट्रान्झिस्टर मात्र तेथेही कोणा साठेबाजाकडून डॉलर मोजून घ्यावे लागतात. त्या भावाने घेतलेही. गंमत अशी, की पाकीट उघडून भिंग लावले, तर त्यांच्या अंगावर 'बीईएल एसी १२८' अशी अक्षरे! म्हणजे आमच्याच राज्यातील बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा माल. या सरकारी कारखान्याने १९६२ पासून जर्मेनियमचे भाग बनविण्यास आरंभ केला होता. आमच्या वाडवडिलांच्या रेडिओत बसायचा जिन्नस समुद्र ओलांडून गेला आणि टपालाने परत बिदरास आला.

नाताळात त्याने उत्तम वाजविले. परंतु झावळ्यांच्या रविवारी, १३ एप्रिलला दुपारी, पास्काच्या गीतांचा सराव चालू असता सूर गुरगुरू लागला आणि मग बंदच पडला. आमच्या मंदिराला पत्रे आहेत. या दिवसांत या भागात पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याखाली काय होते, ते सांगायला नको. मुलाचा चेहरा उतरला. "राहू द्या फादर," तो म्हणाला, "तुम्ही तेव्हा म्हणालात तेच बरोबर होते." ते वाक्य मला सहन झाले नाही. हैदराबादची यात्रा त्यातून निघाली.

आधी कलबुर्गीच्या सुपर मार्केट भागात शोध घ्यावा, असे माझे मत होते. तेथे तो पूर्वी एकदा फसला होता; एका दुकानदाराने जुने अंक खरवडून नवे छापलेला माल त्याच्या गळ्यात मारला होता. म्हणून कोठी.

महात्मा गांधी बसस्थानकावर उतरून मुसी नदी मागे टाकीत चालत गेले, की जुन्या ब्रिटिश रेसिडेन्सीच्या परिसरात कोठी लागते, आणि तिच्या पोटात गुजराती गल्ली. विजेच्या भागांची एवढी दाटी मी कोठे पाहिली नाही. पोत्यात तारा, बरण्यांत रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर, आमच्याकडे हरभरे मोजतात तसे मापटे. "क्या होना?" दुकानदार विचारतो. दखनीत 'होना' म्हणजे 'पाहिजे'. माझ्या पांढऱ्या झग्याकडे पाहून एकाने खुर्ची दिली.

एका अरुंद, पण वातानुकूलित दुकानात एक वृद्ध गृहस्थ बसले होते. त्यांनी काड्यापेटीतील ट्रान्झिस्टर हातात घेतले, चहा मागविला, चहा होईतो ते टेबलावर तसेच ठेवले, आणि मग मीटर लावला. काटा नीट हलला. "मरे नहीं मियाँ," ते म्हणाले, "गरम हुए थे." जर्मेनियम तापले, की त्यातून नको तेथे विद्युत्प्रवाह पाझरतो, थंड झाले, की पुन्हा शहाणे होते. लंडनच्या हवेत ते चालते, आपल्या वैशाखात नाही. त्यांनी सिलिकॉनचे साधे ट्रान्झिस्टर काढून दिले, आणि बॅटरीचे टोक आता उलटे जोडायचे, हे दोनदा बजावले. कारण जुन्या जातीत धन टोक डबीच्या अंगाला लागते, नव्यात ऋण. दोन-तीन रेझिस्टर बदलायला सांगितले. सगळ्याचे पैसे आमच्या चहा-भजीपेक्षा कमी झाले. परतीच्या बसला वेळ होता, म्हणून गनफाउंड्रीच्या संत जोसेफ कॅथेड्रलमध्ये जाऊन बसलो. तो गुडघे टेकून बराच वेळ होता. मी काही विचारले नाही.

डबीचीही एक हकीकत आहे. पूर्वीची प्लास्टिकची डबी पंख्याची घरघर आत ओढून घेई. धातूची असती, तर ती अडली असती. बिदरच्या एका बिदरी कारागिराशी मुलाच्या वडिलांची ओळख. बिदरीचे ओतकाम जस्त आणि थोडे तांबे मिसळून होते, मग त्यावर चांदीची तार ठोकतात आणि किल्ल्यातील माती व नवसागर लावून ते काळे करतात. कारागिराकडे ओतताना कडेला बिघडलेला, चांदी न भरलेला एक पानाचा डबा पडून होता. तो त्याने तसाच दिला. पैसे घेतले नाहीत. गुरुवारी रात्री मुलाने त्याला भोके पाडून डाख दिला.

पवित्र गुरुवारच्या ग्लोरियानंतर पास्काच्या जागरणातील ग्लोरियापर्यंत वाद्ये मुकी असतात. गायनाला आधार देण्यापुरतीच मुभा. त्यामुळे शनिवारी, १९ तारखेच्या रात्रीपर्यंत ती डबी चालते की नाही, हे मंदिरात कोणालाच ठाऊक नव्हते. पत्रे अजून तापलेले होते. मी ग्लोरिया सुरू केला, घंटा वाजली, आणि त्याने पाय दाबला. सूर निघाला आणि टिकला. पुढच्या बाकावरील त्याच्या आईने मान वळवून पाहिले. त्याच्याकडे नव्हे, माझ्याकडे.

मिस्सेनंतर एका आजीबाईंनी मला गाठून विचारले, की नवी पेटी कोणी दिली. परवा मेलबर्नहून निरोप आला आहे : बीईएलचे आणखी ट्रान्झिस्टर कोठीत मिळतात का, ऑस्ट्रेलियातील मित्र मागत आहेत. मुलाने मला विचारले, येत्या मंगळवारी आपल्याला सवड आहे का.