भातकापणीच्या आधी छत्री बघून घ्या



सप्टेंबर सरत आला. हळवं भात पिवळं पडलंय, आठ-दहा दिवसांत विळा लागेल. या दिवसांत गावात मला दोन कामांना बोलावणं येतं. एक, लोंबी दाताखाली धरून कापायचं की थांबायचं ते सांगायला. आणि दुसरं, कुणाची तरी डिश फिरली म्हणून. आज दुसऱ्या कामाबद्दल लिहितो.

शेतीच्या पानावर टीव्हीचं काय काम, असं कुणी विचारेल. टिटवाळ्यापासून काळू नदीच्या अंगाने आत शिरलं की मोबाईलचा भरवसा नाही. केबल तर आलीच नाही. बरेच जण डीडी फ्री डिशवर आहेत, एकदा बॉक्स घेतला की महिन्याचे पैसे नाहीत. शेजारच्या काकूंना मोबाईलवरचं हवामान कळत नाही, त्यांचा विश्वास सह्याद्रीच्या संध्याकाळी सातच्या बातम्यांवर.

गेल्या वर्षी त्यांचं अर्धा एकर कापून शेतात वाळत पडलेलं. संध्याकाळी बातम्या लावल्या तर पडद्यावर नुसतं ‘नो सिग्नल’. रात्री पाऊस झोडपून गेला, पुढे दोन दिवस उघाड नाही. तिसऱ्या दिवशी दाण्याला कोंब. इशारा ऐकला असता तर सगळंच वाचलं असतं असं मी म्हणणार नाही, पण उडवी रचून ताडपत्री तरी टाकता आली असती.

‘पावसात असंच असतं,’ असं फिटर सांगून गेला होता. हे अर्धंच खरं आहे. या डिशची लहर बारीक, जोराचा पाऊस तिला खातोच. पण नीट बसवलेली डिश मोठ्या सरीपुरती जाते आणि परत येते. कशीबशी लागलेली डिश नुसता ढग आला तरी मरते. त्यात आपल्याकडचं एक वेगळं आहे. परतीच्या पावसाचे ढग दुपारनंतर घाटाकडून येतात, आणि डिशही तिकडेच बघते. ढग दोन-तीन किलोमीटरवर असतो, अंगणात थेंब नाही, तरी चित्र गेलेलं.

पूर्वीच्या अँटेनाला सवय होती सांगायची. वरळीच्या टॉवरकडे, म्हणजे नैऋत्येला तोंड करायचं. जरा हललं की पडद्यावर मुंग्या यायच्या, आतून पोरगं ओरडायचं ‘आलं, आलं, गेलं!’ आता मुंग्या नाहीत. सिग्नल पुरेसा असेल तर चित्र स्वच्छ, जरा कमी पडला की काहीच नाही. म्हणून मे महिन्यात चित्र स्वच्छ दिसतंय याचा अर्थ डिश बरोबर लागली असा होत नाही. काठावर असेल तरी मे महिन्यात स्वच्छच दिसणार.

आता दिशा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ अंशावर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६ हजार किलोमीटर. कल्याण-टिटवाळ्याकडून तो आग्नेयेला पडतो, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर साधारण १३२ अंश, आणि जमिनीपासून ५८ अंश उंच. मी कंपास क्वचितच काढतो. आमच्या गावातून मलंगगड दक्षिणेला दिसतो. त्याच्याकडे तोंड करायचं आणि डावीकडे अर्धा काटकोन वळायचं, भीमाशंकरच्या जरा उजवीकडे. शेजाऱ्याची डिश बघून मात्र लावू नका. टाटा प्लेचा उपग्रह ८३ अंशावर आहे, ती डिश आपल्यापेक्षा वीसेक अंश दक्षिणेकडे बघणार.

डिश पाहिली तर ती ५८ अंश वर बघते असं वाटत नाही, जवळपास उभीच दिसते. घाबरू नका. ही डिश तिरक्या घाटाची असते, एलएनबी मधोमध नसून खालच्या दांडीवर असते, त्यामुळे पत्र्याचं तोंड खऱ्या दिशेपेक्षा वीस-पंचवीस अंश खाली दिसतं. एलएनबीसुद्धा सरळ नको, आपल्याकडे ती चांगली ४५ अंश पिळलेली लागते. बरेच जण ही गोष्ट सोडून देतात.

सगळ्यात आधी पाइप. गवंड्याचा ओळंबा लावून बघा. पाइप कलला असेल तर डिश बाजूला फिरवली की उंचीही बदलते, मग दिवसभर फिरवत बसा.

बॉक्सवर दोन पट्ट्या येतात. स्ट्रेंथची पट्टी नुसती वायर जोडली तरी वर जाते, तिच्यावर जाऊ नका. क्वालिटी बघा. डिश बोटभर हलवायची, चार सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला कळायला वेळ लागतो. क्वालिटी पडेपर्यंत डावीकडे न्या, पाइपवर खडूची खूण करा. मग उजवीकडे पडेपर्यंत न्या, दुसरी खूण. दोन्ही खुणांच्या मधोमध बोल्ट आवळा. उंचीचं तसंच, शेवटी एलएनबी पिळून बघायची. दोन फुटी डिश एक अंश चुकली तरी चित्र येतं, पण पावसासाठी राखलेली शिल्लक त्यात कमी होते. काकूंची क्वालिटी ४१ होती. एवढं सगळं करून ५५ वर आली, पुढे हलेना.

कारण होता आंबा. लावला तेव्हा रोप होतं, आता त्याची फांदी आड येत होती. ओली पानं तर सिग्नल सुक्या पानांपेक्षा जास्त अडवतात. पण नक्की कुठली फांदी? काकू म्हणाल्या, ‘बाबा, उगाच सगळा आंबा बोडकू नको. फळाचा हाय तो.’

याला सूर्याचा उपयोग होतो. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सकाळी अकराच्या सुमारास सूर्य आपल्याकडून बघता बरोबर या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी काही मिनिटं चित्रही जातं, त्याला बिघाड समजू नका. त्या क्षणी डिशच्या पत्र्यावर ज्या फांदीची सावली पडेल, तीच फांदी सिग्नल अडवते. दुसरी कुठलीही नाही. काकूंच्या डिशवर मार्चमध्ये एकाच फांदीची सावली पडली. तेवढी कापली, क्वालिटी ७२. आंबा तसाच उभा आहे.

लाईट गेली तर यातलं काही उपयोगाचं नाही, हेही खरं. त्यासाठी काकूंनी सेलवरचा रेडिओ ठेवलाय.

आता १ ऑक्टोबर जवळ आलाय. त्याच्या मागेपुढे दोन-तीन दिवस, ज्या दिवशी ऊन असेल त्या दिवशी पावणेअकराला डिशजवळ उभं राहा आणि सव्वाअकरापर्यंत सावली बघा. फांदी दिसली तर तिला दोरी बांधून ठेवा. पाण्याने फांद्या निसरड्या आहेत, झाडावर चढायची घाई नको, खालून आकडीने काढा. वायरच्या जोडाची टेप त्याच वेळी बदलून घ्या.