एरंडावरची 'रिसिनी'

ओलेपा ही पतंगांची एक लहानशी प्रजाती आहे. इरेबिडी कुळातल्या आर्क्टिइनी उपकुळात, म्हणजे टायगर मॉथ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गटात, ती मोडते. पुढचे पंख राखाडी-तपकिरी असून त्यांवर फिकट कडांचे गडद ठिपके असतात. मागचे पंख गुलाबी ते किरमिजी, त्यांवर काळे डाग, पोटही तांबूस. बसलेला पतंग मळकट दिसतो. डिवचला की खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. अळी काळपट, तपकिरी केसांच्या झुपक्यांची. एरंड हे तिचे आवडते खाद्य. केळीवरही ती सापडते. सातारा-सांगलीकडे तिला कोणी वेगळे नाव देत नाही, सुरवंट म्हटले की झाले.

या प्रजातीतली सर्वांत जुनी जाती ओलेपा रिसिनी. फॅब्रिशियसने 1775 मध्ये तिचे वर्णन केले आणि एरंडाच्या शास्त्रीय नावावरून तिला नाव दिले. वॉकरने 1855 मध्ये ऑसेलिफेरा आणली. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या 1883 मधल्या संस्थापकांपैकी एक, कर्नल चार्ल्स स्विन्हो, यांनी 1885 मध्ये क्लॅव्हेटसचे वर्णन केले. पुढे शंभर वर्षे या गटाकडे फारसे कोणी वळले नाही. हॅम्पसनचा भारतातल्या पतंगांवरचा 1894 चा खंड उघडायचा, ठिपके जुळवायचे आणि मोकळे व्हायचे, अशी रीत होती. ओलेपा हे प्रजातीनाम वॉटसनने 1980 मध्ये दिले. त्याआधी हे पतंग पेरिकॅलिया म्हणून नोंदले जात आणि शेतीच्या पुस्तकांतून ते नाव अजून गेलेले नाही. ओऱ्हां या फ्रेंच अभ्यासकाने 1986 मध्ये जननांगे तपासून एकदम काही जाती वेगळ्या काढल्या, तेव्हा कुठे लक्षात आले की एका नावाखाली बरेच काही दडपले गेले आहे.

2005 मध्ये इस्राएलमधून ओलेपा श्लाइनी ही जाती प्रसिद्ध झाली. 2020 च्या जानेवारीत जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा या नियतकालिकात भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुणे केंद्रातील संशोधकांचा लेख आला. हीच श्लाइनी द्वीपकल्पीय भारतातही आहे, असे त्यांनी डीएनए बारकोडच्या आधारे दाखवले आणि चंद्राई ही नवी उपजाती वर्णिली. ज्या प्रजातीचा बहुतेक गोतावळा भारत-श्रीलंकेत आहे, तिच्यातल्या एका जातीला नाव मिळाले भूमध्य समुद्राकाठी, आणि आपल्याकडची तिची ओळख पटायला आणखी पंधरा वर्षे लागली. ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला अनेक दिवस खुपत होती. इस्राएलमध्ये ती मूळची की माणसाच्या मालाबरोबर गेलेली, ही शंका साहजिकच येते. पण नाव ठेवण्याच्या नियमांना त्याचे सोयरसुतक नाही. आधी छापील वर्णन ज्याचे, नाव त्याचे.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे ओलेपाच्या अभ्यासाला सोयीचे आहेत. पश्चिमेला महाबळेश्वर, कोयना आणि चांदोलीचा धो धो पाऊस. पूर्वेला माण, आटपाडी, जत हा दुष्काळी टापू. एरंड मात्र दोन्हीकडे. उकिरड्याच्या कडेला, उसाच्या बांधावर, हळदीच्या शेतात, कुठेही. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय एक पतंगही उचलता येत नाही आणि ते योग्यच आहे. बांधावरच्या एरंडाला तसली आडकाठी नाही. पावसाळ्यात पाटणच्या बाजूला गावाबाहेर पांढरा पडदा ताणून त्यामागे पाऱ्याच्या वाफेचा दिवा लावला की, अंधाऱ्या पंधरवड्यात पडद्यावर पाखरांचा खच पडतो. ओलेपा त्यात हमखास असते. हमखास येणाऱ्या पाखराकडे कोणी वळून पाहत नाही, आणि घोडे तिथेच पेंड खाते.

संग्रहांत याचा परिणाम दिसतो. याच पट्ट्यातल्या एका शिक्षणसंस्थेच्या प्रयोगशाळेत प्रस्तुत लेखकाने ओलेपाची एक जुनी पेटी पाहिली. डांबरगोळ्यांचा वास, तळाशी कुजलेला बुचाचा थर आणि ओळीने टोचलेले पतंग. प्रत्येकाखाली सुबक अक्षरात एकच चिठ्ठी: पेरिकॅलिया रिसिनी. गाव नाही, तारीख नाही, पकडणाऱ्याचे नाव नाही. कोणत्या झाडावर सापडला, दिव्यावर आला की अळीपासून वाढवला, काहीच नाही. जातीचे नाव उद्या बदलेल, ते खोडून नवे लिहिता येते; गाव आणि तारीख एकदा गेली की नमुना केवळ शोभेचा उरतो. नेमके जे बदलणार होते ते टापटिपीने लिहिले होते आणि जे परत मिळणार नव्हते ते गाळले होते. काही पतंगांची पोटे, म्हणजे जननांगे जिथे असतात तोच भाग, गळून पडली होती, म्हणजे निदान होण्याची उरलीसुरली वाटही बंद. त्यातल्या एक-दोन नमुन्यांचे पोट तपासण्याची परवानगी मागितली, तर उत्तर मिळाले की जाती ठरलेली आहे, नमुना मोडायचा कशाला? पुढच्या रंगरंगोटीत ती पेटी भंगाराबरोबर गेली. आजच्या किती जाती त्या एका नावाखाली टोचलेल्या होत्या, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. या दोन जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी पेट्या वाढवण्याआधी चिठ्ठ्या लिहायला शिकवावे. स्थळ, तारीख, उंची, संग्राहक एवढे पेन्सिलने किंवा पक्क्या शाईने लिहिले तरी पुष्कळ झाले.

वर्णनाचे खरे काम पोटाच्या टोकाशी चालते. वाळलेल्या पतंगाचे पोट हलक्या हाताने मोडून काढतात आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या दहा टक्के द्रावणात गरम करतात. चरबी आणि स्नायू विरघळतात, कठीण आवरण उरते. मऊ कुंचल्याने खवले झाडून सूक्ष्मदर्शकाखाली दोन चिमट्यांनी जननांगाचा संच बाहेर ओढतात. नरात दोन बाजूंना मादीला धरून ठेवणाऱ्या वाल्वा नावाच्या पकडी दिसतात, वर अंकसची वाकडी चोच आणि मध्ये इडिगसची नळी. नळीच्या आत व्हेसिका ही पातळ पिशवी दुमडलेली असते. ती उलगडली तर तिच्यावरचे काटे मोजता येतात. घाईत ती फाटते आणि तो नर त्या कामापुरता बाद होतो. वाल्वाचे टोक बोथट की निमुळते, अंकसची जाडी किती, काटे कुठे, या गोष्टींवर ओलेपाच्या जाती उभ्या आहेत. सोडवलेले भाग ग्लिसरीनच्या इवल्याशा नळीत घालून त्याच टाचणीवर पतंगाखाली टोचायचे. वेगळे ठेवले की अदलाबदल ठरलेलीच.

पंखांवर विसंबता येत नाही याचे कारण घरच्या बरणीतही दिसते. शिराळ्याच्या बाजूला एरंडाच्या एकाच पानावर सापडलेल्या अंड्यांच्या पुंजक्यातून वाढवलेल्या अळ्या कोषातून बाहेर आल्या, तेव्हा सख्ख्या भावंडांत कोणाचे ठिपके एकमेकांना चिकटलेले, कोणाचे सुटे. मागचा पंख कोणाचा गडद, कोणाचा अगदी फिका. त्यांतले दोन पतंग वेगवेगळ्या गावांतून आले असते, तर उत्साही माणसाने दोन जाती केल्या असत्या. फोटोवरून जाती सांगणाऱ्यांनी या गटात निदान ओलेपापाशी थांबावे. तरीही पंख अगदीच निरुपयोगी म्हणणे अन्यायाचे होईल. एका ठिकाणचे ताजे पतंग ओळीने मांडले की सरावलेल्या नजरेला कुठले पोट आधी उघडावे हे बऱ्याचदा पंखच सुचवतात. आणि तशी सूचना खरी ठरल्याचा आनंदही होतो, जरी ती शास्त्रीय पुरावा नसली.

बारकोडसाठी पतंगाचा एक पाय पुरतो. तो अल्कोहोलमध्ये ठेवून त्यातल्या सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा वाचतात आणि सार्वजनिक संचातल्या अनुक्रमांशी ताडतात. पण संचातला अनुक्रम जमा करणाऱ्यानेच पंख पाहून 'रिसिनी' लिहिले असेल, तर यंत्रही बिनचूकपणे तेच चुकीचे नाव परत देते. म्हणून बारकोड आणि जननांगे एकाच नमुन्याची हवीत.

नवे नाव ग्राह्य धरण्याच्या अटी प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेत आहेत. जवळच्या जातींपासून वेगळेपण सांगणारी लक्षणे शब्दांत द्यावी लागतात. 2000 सालापासून नाव ज्याच्यावर आधारलेले आहे तो नमुना, बहुतेक वेळा होलोटाइप म्हणून एकच, स्पष्टपणे नेमावा लागतो आणि तो कोणत्या संग्रहात आहे किंवा राहील हे लिहावे लागते. या भागातले नमुने साधारणपणे भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याजवळच्या आकुर्डीतील पश्चिम विभागीय केंद्रात जातात. तुलना करताना 'ठिपके अधिक ठळक' असल्या वाक्याने भागत नाही. रिसिनीत वाल्वा कशी, श्लाइनीत कशी आणि नव्यात कशी, हे एकाच प्रमाणात काढलेल्या चित्रांसह शेजारी शेजारी मांडावे लागते. एकाच नरावर नवी जाती उभारायला संहितेची हरकत नाही. पण ठिपक्यांचा हा गोंधळ पाहिल्यावर तसे धाडस करू नये असे वाटते.

मादीचा प्रश्न वेगळाच. ओलेपाच्या जाती मुख्यतः नरावरून वेगळ्या काढल्या जातात, त्यामुळे दिव्यावर आलेली एकटी मादी कोणाची हे पंखांवरून सांगणे कठीण. बारकोड जुळला तर उत्तर मिळते. नाहीतर तिला जाळीत ठेवून अंडी घालू द्यायची, अळ्यांना एरंडाची पाने पुरवायची आणि पुढच्या पिढीतल्या नरांची पोटे तपासायची.