गेरूची खूण

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि दापोली तालुक्यालाही झोडपून गेलं. चौथ्या दिवशी रस्ता मोकळा झाला, तेव्हा मी मलबार कडुनिंबाच्या माझ्या प्लॉटवर पोचले. सहा वर्षांची, चाळीस-पन्नास फुटी झाडं. निम्मा प्लॉट आडवा झाला होता. काही झाडं कमरेत मोडलेली, काही मुळासकट उपटून शेजारच्या झाडांच्या अंगावर पडलेली. उपटलेल्या एका बुंध्यापाशी उकिडवी बसून मी हातानं माती झाडली. आत मुळांचा गोळा निघाला, वीतभर उंच, बुडाशी चपटा. रोप ज्या काळ्या पिशवीत वाढलं, त्या पिशवीचा आकार सहा वर्षांनीही जसाच्या तसा! मुळं वेटोळी घालत आतल्या आत जाडजूड झाली होती आणि खाली जमीन धरायला सोटमूळ उरलंच नव्हतं.

ती रोपं मीच निवडली होती. दोन पावसाळे रोपवाटिकेत काढलेली, डोक्याएवढी उंच. उंच रोप पाहिलं की मन भुलतं. आज मी पाच-सहा महिन्यांचं, दीड-दोन फुटांचं रोप मागते आणि त्यातलं एखादं पिशवी फाडून बघितल्याशिवाय गाडी भरू देत नाही.

अठ्ठावीस वर्षं मी वेगानं वाढणाऱ्या झाडांवर काम करते आहे. सुबाभूळ, निलगिरी, सुरू, ऑस्ट्रेलियन बाभूळ आणि आता मलबार कडुनिंब. या झाडांसोबत एक वाक्य कायम विकलं जातं, ‘लावा आणि विसरा’. त्या वाक्यानं जितक्या शेतकऱ्यांचं नुकसान केलं तितकं कुठल्याही किडीनं केलेलं मी पाहिलेलं नाही. साग पन्नास-साठ वर्षं उभा राहतो, त्याच्या पहिल्या वर्षांतली चूक सावरायला वेळ मिळतो. सात-आठ वर्षांत तोडायच्या झाडाला तो वेळ कुठून मिळणार? त्याचं सगळं भवितव्य पहिल्या तीन पावसाळ्यांत ठरतं.

मलबार कडुनिंबाला आपल्याकडे निंबारा म्हणतात. हे परकं झाड नव्हे, सह्याद्रीतलंच. त्याची बी कठीण कवचात बंद असते आणि सहजी उगवत नाही. शेळ्यांनी फळं चघळून टाकलेल्या बिया मात्र चांगल्या फुटतात, म्हणून जुने रोपवाटिकावाले गोठ्यातून बी वेचून आणतात. या झाडाला मागणी आहे ती प्लायवूडसाठी. कारखान्यात ओंडका यंत्रावर गरगर फिरवतात आणि पातं त्याचा पातळ पापुद्रा सोलत जातं. खोडात एक मेलेली गाठ असली, तर प्रत्येक फेऱ्याला पापुद्र्यात त्याच जागी भोक पडतं. ती गाठ म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षी कुणीतरी न काढलेली फांदी.

म्हणून पहिल्या वर्षी हत्यार लागतच नाही, अंगठा पुरतो. खोडाच्या बगलेतून हिरवी, मऊ फूट निघाली की ती अंगठ्यानं मोडायची. आठवडाभरात जखम दिसेनाशी होते. तीच फूट करंगळीएवढी झाली की आरी हवी. कोयता नको. कोयत्याच्या घावानं साल खालपर्यंत सोलून निघते आणि तिथून बुरशी शिरते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो, त्याच्या लगेच बाहेर कापायचं, फुगवटा शाबूत ठेवायचा. जखम बुजवणारी साल त्या फुगवट्यातूनच येते. आणि एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पाला उतरवायचा नाही, नाहीतर झाड उपाशी राहतं.

एवढं शेतकरी आनंदानं करतात. ते अडतात विरळणीपाशी.

जोंधळ्याची, बाजरीची विरळणी करताना कुणाचाही हात थांबत नाही. दाट उगवलेली मुळ्याची रोपं आपण मुठीनं उपटतो आणि रात्री त्यांचीच भाजी करतो. पण तीन वर्षं पाणी घालून वाढवलेलं, घराएवढं उंच झाड तोडा म्हटलं की माणूस गप्प होतो. गेल्या वर्षी एका काकूंनी मला स्पष्ट सांगितलं, “मॅडम, तुम्ही शिकलेल्या आहात, पण जितं झाड मी तोडायची नाही.” त्यांचं म्हणणं मला मनापासून कळलं. मी त्यांच्या खळ्यात बसून शेणानं सारवलेल्या जमिनीवर खडूनं हिशेब मांडला.

सहा बाय सहा फुटांवर एकरी सुमारे बाराशे झाडं बसतात, बारा बाय बारावर तीनशे. ओंडक्याचं माप काढताना घेराचा चौथा हिस्सा घेऊन त्याचा वर्ग करतात आणि लांबीनं गुणतात. दहा फुटी ओंडक्याचा घेर चोवीस इंच असेल, तर लाकूड भरतं अडीच घनफूट. घेर छत्तीस इंच झाला की तेच साडेपाच घनफुटांच्या वर जातं. दीडपट घेर, सव्वादोनपट लाकूड. शिवाय सोलायच्या यंत्रावर जाड ओंडकाच चढतो, बारीक माल सरपणाच्या किंवा लगद्याच्या भावानं वजनावर जातो. दाटीत झाड उजेडासाठी वर पळतं, अंग धरत नाही. अशीच बारीक, उंच झाडं त्या वादळात कमरेत मोडली होती. माझ्या प्लॉटच्या ज्या कोपऱ्यात दोन वर्षं आधी विरळणी झाली होती, तिथली बरीचशी उभी राहिली.

यात एक मेख आहे, आणि ती छापील पत्रकात सापडत नाही. विरळणी झाल्या झाल्या उरलेली झाडं वाऱ्याला उघडी पडतात. एकमेकांचा आडोसा गेलेला असतो आणि बुंध्यात बळ यायचं असतं. म्हणून वैशाखात विरळणी करून मृगाच्या वाऱ्याला सामोरं जाऊ नये. दिवाळी उरकली की काम काढावं, म्हणजे पुढच्या पावसापर्यंत सहा-सात महिने हातात राहतात.

कुठे लावू नये, हेही इथेच बजावून सांगते. कातळसड्यावर लावू नका. पावसाळ्यात फुलणारा सडा ‘पडीक’ नसतो. सुरुंग लावून खड्डे पाडून तिथे ऑस्ट्रेलियन बाभूळ कोंबणं मला कधीच पटलं नाही. विहिरीच्या, झऱ्याच्या डोक्यावर निलगिरीची दाट लागवड नको. आणि सगळं शिवार एका जातीचं नको. १९८० च्या दशकात सुबाभूळ ‘चमत्कारी झाड’ म्हणून गावोगाव गेलं. १९८८ मध्ये कोवळ्या शेंड्यांतला रस शोषणारी एक इवलीशी कीड देशात पोचली आणि जिथे दुसरं काहीच लावलं नव्हतं, तिथे माणसं हवालदिल झाली. बांधावर निंबारा, मध्ये हळद किंवा सुरण, कडेला शेवगा, असं शेत मला जास्त भरवशाचं वाटतं.

काकूंनी त्या दिवशी हिशेब पाहिला आणि काहीच बोलल्या नाहीत. भाऊबिजेनंतर चार दिवसांनी त्यांचा फोन आला, “या, पण खुणा मी करणार.” मी गेले. एका हातात कालवलेल्या गेरूचा डबा, दुसऱ्या हातात चिंधी. प्रत्येक झाडापाशी थांबून त्या शेंड्याकडे बघायच्या, मग बुंध्याला वेढा घालून हातानं घेर जोखायच्या. वाकडं, दुबेळकं, शेजारच्याच्या सावलीत दबलेलं झाड असलं की छातीच्या उंचीवर गेरूचा पट्टा ओढायच्या. दुपारपर्यंत साठ झाडांवर पट्टे आले. बांधालगतच्या एका वाकड्या झाडापाशी मात्र त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.

“ह्याच्यावर दरवर्षी कोतवाल घरटं करतो,” त्या म्हणाल्या.

मी ते झाड वहीत ‘ठेवले’ म्हणून लिहिलं आणि आम्ही पुढच्या ओळीत गेलो.