दहा किलोमीटरची सुट्टी

सुट्टीच्या दिवशी तुमच्या घरात सगळ्यात आधी कोण उठतं?

रविवार असो, दसरा असो की २६ जानेवारी, बाकीचे सगळे तासभर जास्त झोपतात. एक जण मात्र रोजच्याच वेळेला उठलेली असते, कधी कधी त्याच्याही आधी. कारण सुट्टी म्हटलं की रोजची पोळी-भाजी कुणाला चालत नाही. कुणाला थालीपीठ हवं असतं, कुणाला साबुदाणा वडे. सण असेल तर सकाळीच पुरण शिजायला टाकावं लागतं. घरातल्या सगळ्यांची सुट्टी म्हणजे आईचा ओव्हरटाइम.

हा शब्द माझ्या तोंडी सहज येतो, कारण आम्ही राहतो तिथे आयुष्याचा हिशेबच शिफ्ट, ओव्हरटाइम आणि वीकली ऑफमध्ये चालतो. चेन्नईहून बंगळुरूच्या महामार्गाला लागलात की श्रीपेरंबुदूरच्या थोडं अलीकडे इरुंगाट्टुकोट्टै लागतं. सिपकॉटची मोठी औद्योगिक वसाहत आहे. १९९८ पासून इथे ह्युंदाईच्या गाड्या तयार होतात आणि त्यांना सुटे भाग पुरवणारे कारखाने आजूबाजूला पसरलेले आहेत. अशाच एका कारखान्यात बाबा चाकणहून बदली होऊन आले आणि आम्ही सातारकर इथले झालो.

इरुंगाट्टुकोट्टैत ‘रेस’ म्हटलं की कुणाला पळणारी माणसं आठवत नाहीत. इथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे. शर्यती असल्या की इंजिनांचा आवाज लांबवर ऐकू येतो. त्यामुळे आईनं शेजारच्या अक्कांना जेव्हा सांगितलं, की आम्ही जानेवारीत रेसला जाणार आहोत, तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, “बघायला?” आई म्हणाली, “नाही, पळायला.” अक्का बराच वेळ हसत होत्या. मग आई खरंच सांगते आहे हे लक्षात आल्यावर त्यांनी विचारलं, “आणि त्या दिवशी घरी नाश्ता कोण करणार?”

प्रश्न अगदी नेमका होता.

चेन्नई मॅरेथॉन जानेवारीच्या सुरुवातीला होते. २०२५ मध्ये ती ५ जानेवारीला, रविवारी होती. पूर्ण मॅरेथॉन, अर्ध मॅरेथॉन यांच्याबरोबर १० किलोमीटरचीही शर्यत असते. कल्पना माझ्या धाकट्या भावाची. तो अकरावीत आहे, फुटबॉल खेळतो, त्याला १० किलोमीटर म्हणजे काहीच नाही. मी दिवसभर लॅपटॉपसमोर बसणारी, मला ते बरंच काही. बाबांचा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे त्यांनी आधीच अंग काढून घेतलं. राहिली आई. ती म्हणाली, “मी पळेन. पण त्या दिवशी चहासुद्धा मी करणार नाही. आणि कुठली वस्तू कुठे आहे, हेही कुणी विचारायचं नाही.”

आईची एवढीच अट होती. ऐकायला सोपी वाटली तरी घरात आजी आहे. आजीला सकाळच्या गोळ्या खाऊनच घ्याव्या लागतात. भावाला उठल्याबरोबर भूक लागते. आईशिवाय सकाळ चालवायची, तर कुणाला तरी ती शिकावी लागणार होती. बाबांनी हात वर केला. “मी पळत नाही, तर स्वयंपाकघर माझ्याकडे.” म्हणजे आमच्याकडे दोन माणसांचा सराव एकदमच सुरू झाला. आईचा रस्त्यावर, बाबांचा गॅसपाशी.

आम्ही दसऱ्यापासून सुरुवात केली. सिपकॉटचे रस्ते रुंद आणि सपाट आहेत. पहाटे कंपन्यांच्या बसेस सुरू होण्याआधी मोकळेही असतात. आईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मापाचे पळायचे बूट घेतले. पहिल्या दिवशी ती एक मिनिट पळाली आणि दोन मिनिटं चालली, असं सहा वेळा. बस्स, एवढंच. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं पळणं आणि दोन मिनिटं चालणं. तुमच्या घरी कुणी पन्नाशीत पळायला सुरुवात करणार असेल, तर हीच पद्धत धरा. आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः बीपी, शुगर किंवा हृदयाचा काही त्रास असेल तर. वेग ठरवायला घड्याळ लागत नाही. पळता पळता एक पूर्ण वाक्य बोलता आलं, तर वेग बरोबर आहे. शब्द तुटायला लागले, की चालायचं.

मध्ये चेन्नईचा पाऊस आला. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो, इथे खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर. नोव्हेंबरच्या शेवटी फेंगल चक्रीवादळ आलं आणि सराव थांबला. त्या दिवसांत आई घरातच जिने चढत-उतरत राहिली. बाबांचा सराव मात्र पावसानं थांबला नाही. पोहे किती वेळ भिजवायचे, यावर त्यांनी जेवढे प्रयोग केले, तेवढे आम्ही निमूट खाल्ले.

एकदा आजीनं विचारलं, “बाईमाणसानं एवढं पळायचं कशापायी?” तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. मी जरा शोधलं, तेव्हा लक्षात आलं, की हा प्रश्न एकट्या आजीचा नाही. जगातल्या भल्या भल्या लोकांना तो पडला होता. अमेरिकेत सुट्टीच्या सकाळी रस्त्यावर शर्यत ठेवायची प्रथा जुनी आहे. बफेलो शहरात थँक्सगिव्हिंगच्या सकाळची शर्यत १८९६ पासून होते. बोस्टन मॅरेथॉन १८९७ पासून, तीही तिथल्या पेट्रिअट्स डेच्या सुट्टीला. पण बोस्टनमध्ये बायकांना अधिकृत प्रवेश मिळायला १९७२ साल उजाडलं. त्याआधी, १९६७ मध्ये कॅथरीन स्विट्झर नंबर लावून पळत होती, तर एका अधिकाऱ्यानं तिच्या अंगावरचा नंबर ओढून काढायचा प्रयत्न केला. ती तरीही पूर्ण अंतर पळाली. ऑलिम्पिकमध्ये तर १९८० पर्यंत बायकांची सगळ्यात लांब शर्यत १५०० मीटरची होती. त्यांची मॅरेथॉन आली थेट १९८४ मध्ये.

आई १९७२ ची. आजीच्या भाषेत, बहात्तरच्या दुष्काळातली. म्हणजे ती जन्मली त्याच वर्षी बोस्टननं बायकांना दार उघडलं. हे मी आजीला सांगितलं. ती म्हणाली, “बोस्टनचं ऱ्हाऊ दे. आपल्याकडचं सांग.”

आपल्याकडचं सांगायला पुष्कळ आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांमध्ये सलग तीनदा पहिली आली आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. माणचं नाव ऐकून आजी सावरून बसली. आणि बारामतीच्या लता करे तिला पटल्याच. साठी ओलांडलेल्या लताबाई २०१३ मध्ये नऊवारी नेसून, अनवाणी पळाल्या आणि जिंकल्या. नवऱ्याच्या तपासण्यांसाठी पैसे हवे होते म्हणून. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली.

आजी म्हणाली, “ती नवऱ्यासाठी पळाली. तुझी आई कुणासाठी पळतीय?”

आई आतून म्हणाली, “कुणासाठीच नाही.”

५ जानेवारीला पहाटे पावणेतीनला स्वयंपाकघरात दिवा लागला, तो बाबांनी लावला. फोडणीचा वास आला, काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला, पण हाक आली नाही. आई अंथरुणात जागी होती, हे मला माहीत आहे. ती उठली नाही. माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात अवघड काम तिनं तेव्हाच केलं.

बाबांनी आम्हा तिघांना नेपियर पुलाजवळ सोडलं आणि आजीला घेऊन ते तरमणीला गेले, शर्यत जिथे संपते तिथे. २०२२ च्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडच्या वेळी या पुलाला पटासारखे काळे-पांढरे चौकोन रंगवले होते. त्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. त्या अंधारात शेकडो माणसं छातीवर नंबर लावून उभी होती. कुणी आजोबा, कुणी नुकतं लग्न झालेलं जोडपं, कुणी सलवार-कमीजवर बूट घातलेल्या मावशी. आई त्यांच्यात सहज मिसळून गेली.

भाऊ सुरुवातीलाच पुढे निघून गेला. मी आईबरोबर राहिले. मरीनाच्या सुरुवातीलाच ‘श्रमाचा विजय’ हे प्रसिद्ध शिल्प आहे, देबीप्रसाद रॉय चौधरींचं, १९५९ साली उभारलेलं. चार माणसं मिळून एक प्रचंड खडक हलवताहेत. चेन्नईला कामगारांचा इतिहास मोठा आहे. भारतातला पहिला मे दिन १९२३ मध्ये याच शहरात, सिंगारवेलरांच्या पुढाकारानं साजरा झाला. शिल्पाकडे बघत आई पळता पळता म्हणाली, “चौघेही पुरुषच आहेत गं.” वाक्य पूर्ण बोलता आलं होतं, म्हणजे वेग बरोबर होता.

डाव्या हाताला समुद्र होता आणि हळूहळू उजाडत होतं. तीन-साडेतीन किलोमीटरवर लाल-पांढरं दीपगृह आलं. मी विचारलं, “पाणी हवं का? दमलीस का? थोडं चालूया का?” आई थांबली नाही. म्हणाली, “तू पुढे जा. मला एकटीला पळू दे.”

मी गेले. सॅन थोमच्या चर्चपाशी एकदा मागे वळून पाहिलं. ती गर्दीत दिसली नाही.

शेवटच्या रेषेपाशी भाऊ, बाबा, आजी आणि स्टीलचा मोठा डबा माझी वाट बघत होते. भाऊ तासाच्या आत पोचला होता. मला एक तास बारा मिनिटं लागली. मग आम्ही चौघं उभे राहिलो. दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. बाबा दर मिनिटाला घड्याळ बघत होते. आयुष्यभर जी आमची वाट बघत दारात उभी राहिली, तिची वाट बघायची सवय आमच्यापैकी कुणालाच नव्हती.

एक तास एकतीस मिनिटांनी ती आली. पळत आली, चालत नाही. आजी शेजारच्या अनोळखी तमिळ बाईचा हात धरून मराठीत सांगत होती, “आली बघा, आली. आमचीच हाय ती.”

नंतर आईनं सांगितलं, की अड्यार नदीच्या पुढे पाय फार दुखले. तेव्हा पाणी वाटणाऱ्या एका मुलीनं तिच्या नंबरावरचं नाव वाचून मोठ्यानं हाक मारली. घरात आई, सूनबाई, वहिनी, मामी अशा सगळ्या हाका तिला येतात. तिचं स्वतःचं नाव रस्त्यावर, एवढ्या मोठ्यानं, कौतुकानं कुणी घेतलं त्याला किती वर्षं झाली, ते तिलाही आठवेना. “आणि दीड तास मला कुणी काही मागितलं नाही,” ती म्हणाली. हे सांगताना ती जेवढी खूश होती, तेवढी मेडलवर नव्हती.

बाबांचे पोहे तिनं खाल्ले. शेंगदाणे कच्चे होते, मीठ थोडं पुढे गेलं होतं. तिनं एकही सूचना केली नाही. दुसरी वाढी घेतली.

सगळं बदललं, असं मी म्हणणार नाही. नऊ दिवसांनी संक्रांत आली, तेव्हा तिळाच्या लाडवांसाठी पहाटे उठली ती आईच. पण महिन्यातून एका रविवारी स्वयंपाकघर बाबांकडे असतं. त्या दिवशी आई एकटीच सिपकॉटच्या रस्त्यावर जाते आणि मनाला येईल तेव्हा परत येते. शेजारच्या अक्काही आता बूट कुठे मिळतात ते विचारून गेल्या आहेत.

२६ जानेवारीला, १५ ऑगस्टला किंवा एखाद्या रविवारी तुमच्या गावातही अशी शर्यत असेल. १० किलोमीटरच हवेत असं नाही, ३ किंवा ५ किलोमीटरनं सुरुवात करा. घरातल्या सगळ्यांची नावं एकदम नोंदवू नका. आधी तिचं नोंदवा, मग उरलेल्यांनी ठरवा, की पळायचं कुणी आणि पोहे करायचे कुणी. आणि एक गोष्ट आदल्या रात्रीच करून ठेवा. मोहरी, हळद, शेंगदाणे कुठल्या डब्यात आहेत, ते शोधून ठेवा. पहाटे विचारायचं नाही.