पाठीमागचा समुद्र

हरतालिकेच्या आदल्या दिवशी मंडईत एका बाईच्या टोपलीत केवडा होता. पिवळट पानांत घट्ट मिटलेली कणसं, कडांना बारीक काटे. वास आला आणि कुठली भाजी घ्यायला आले होते तेच मला आठवेना. शेजारी माझी भाची फोनवर दिवाळीसाठी खोली शोधत होती. दिवेआगरला. "मावशी, या घरातून समुद्रच दिसत नाही गं," ती म्हणाली. "मग तिथे राहायचं कशाला?"

तेव्हापासून तो वास आणि ते वाक्य एकमेकांत अडकून बसले आहेत. दिवेआगर मला आवडलं ते तिथल्या घरातून समुद्र दिसत नव्हता म्हणून, हे तिला त्या गर्दीत कसं सांगणार?

मी पहिल्यांदा गेले तेव्हा शाळेत होते. बाबांच्या एका स्नेह्यांचं घर तिथे होतं. माणगाव, म्हसळा, बोर्ली करत एसटी पोचली तोवर अंधार पडला होता. जेवण झालं, ओटीवर अंथरुणं पडली आणि मग गाज ऐकू यायला लागली. थांबेचना. मी उठून बसले. समोर अंगण, अंगणापलीकडे रस्ता, मागे दाट काळोख. "समुद्र कुठंय?" मी विचारलं. काकू अंधारातूनच म्हणाल्या, "आहे की पाठीमागे. झोप आता."

सकाळी कळलं, मागचा काळोख म्हणजे वाडी. पोफळी इतक्या दाट की ऊन खाली यायचं ते नाण्यांएवढं. मधूनमधून नारळ, खोडांवर चढवलेले मिरीचे वेल, एक जायफळ, पायाखाली पाटाचं पाणी. वाडी संपली की सुरूची झाडं, मग केवड्याचं बन, आणि त्यातल्या अरुंद वाटेनं काटे चुकवत गेलं की एकदम वाळू. चांगला चार-पाच किलोमीटरचा किनारा आणि त्यावर आम्हीच. पण मला आठवतो तो तो किनारा नाही. मला आठवते ती रात्र, कानाशी असलेला आणि न दिसणारा समुद्र. पुढे बाबा गेले तेव्हा, बाळंतपणात झोप उडाली तेव्हा, मी डोळे मिटून त्या ओटीवर जाऊन पडायचे.

गावानं समुद्राकडे पाठ का केली, हे काकांनी मला वाडी शिंपता शिंपता सांगितलं होतं. खारा वारा झाडाचा शेंडा जाळतो. वाळू उडून विहिरीत येते. केवड्याची मुळं वाळू धरून ठेवतात, सुरू वारा अडवतो, मग आत पोफळ जगते आणि पोफळीच्या आड माणूस. शिवाय त्या वाळूखालीच गोडं पाणी असतं, म्हणून विहिरी उथळ. समुद्राला घाबरून केलेली ही रचना नव्हती. रोजच्या शेजाऱ्याशी किती अंतर ठेवायचं, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं त्यांनी केलेली होती.

याच गावात शके 982 चा, म्हणजे इसवी सन 1060 चा, ताम्रपट सापडला आहे. तो मराठीत आहे, आपल्या भाषेतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. रूपनारायणाची विष्णुमूर्ती शिलाहारांच्या काळातली. शेजारच्या श्रीवर्धनातून बाहेर पडलेले बाळाजी विश्वनाथ 1713 मध्ये पेशवे झाले आणि मागे राहिलेला हा मुलूख 1948 पर्यंत जंजिऱ्याच्या सिद्दीकडे राहिला. हे सगळं मी नंतर वाचलं. काकूंच्या घरात यातलं कुणी काही बोलत नसे. तिथे बोलणं चाले ते रोठा सुपारीच्या दराचं आणि चढणारा गडी आज आला की नाही याचं.

तो गडी मी पाहिला आहे. कमरेला कोयता, पायात दोरीचा फास. एका पोफळीवर चढला की तिथली सुपारीची शिपटी उतरवायचा, मग शेंडा झोक्यासारखा हलवून शेजारच्या पोफळीचा शेंडा पकडायचा आणि वरच्या वर तिकडे जायचा. खाली न उतरता अख्खी ओळ. आम्ही मुलं माना वर करून त्याच्याबरोबर वाडीतून चालायचो.

मग 17 नोव्हेंबर 1997 ला तिथल्याच एका पोफळीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी लागली. आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा, किलोहून जास्त वजनाचा, आणि दागिने. दिवेआगरला पर्यटन आलं ते असं, समुद्रावरून नाही, वाडीच्या मातीतून. गाड्या यायला लागल्या. लोक दर्शन घेत, कुणाच्या तरी घरी उकडीचे मोदक आणि वालाचं बिरडं जेवत, आणि वेळ उरला तर समुद्रावर जात. काकूंनी मागच्या पडवीच्या दोन खोल्या केल्या. त्यांच्या हाताला पहिल्यांदाच त्यांचे स्वतःचे पैसे आले. त्या पैशांतून त्यांनी सुनेला पुढे शिकवलं, हे मी मुद्दाम लिहिते, कारण पर्यटनानं गावं बिघडतात असं पुण्यात बसून म्हणणाऱ्यांचा मला राग आहे.

मार्च 2012 मध्ये दोन पहारेकऱ्यांना मारून दरोडेखोरांनी तो मुखवटा नेला आणि वितळवला. गाव महिनोन्‌महिने सुतकात होतं. मुखवटा नव्यानं घडवून बसवला तो नोव्हेंबर 2021 मध्ये. मधल्या काळात लोक मात्र येत राहिले, आणि आता ते समुद्रासाठी येत होते. दिघीची फेरीबोट गाड्या आणू लागली. वाळूवर पॅरासेलिंग आलं, चार चाकांच्या मोटारसायकली आल्या, उंट आला. माझा राग आहे तो एका मागणीवर, उशीवरून डोकं न उचलता समुद्र दिसला पाहिजे या मागणीवर. त्या मागणीसाठी केवडा तोडतात. वाळू धरून ठेवणारं बन जातं आणि त्याजागी सिमेंटचा कठडा येतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. महिनाभर तर साधा फोनही लागत नव्हता. नंतर गेले तेव्हा वाडी आडवी होती, पोफळी कमरेत मोडलेल्या, नारळ मुळांसकट उपटलेले. काकू घराच्या मागच्या दारात बसल्या होत्या. "बघ," त्या म्हणाल्या, "आता दिसतो समुद्र. जन्मात इथून दिसला नव्हता." मी बघितलं. निळा, शांत, भाचीला हवा होता तसाच. त्या दाराशी उभं राहून मला तो बघवेना.

भरपाई हेक्टरी 50 हजार रुपये जाहीर झाली. वाड्या गुंठ्यांत आहेत. पोफळीचं रोप लावल्यापासून फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि कोवळ्या पोफळीला थेट ऊन सोसत नाही, म्हणून आधी सावलीसाठी केळी लावाव्या लागतात. काकूंच्या सुनेनं तेच केलं. खोल्यांचं भाडं रोपांत घातलं. काकू त्या केळी मोठ्या झालेल्या पाहून गेल्या.

समुद्र दिसतोय तोवर दोन मजले चढवून खोल्या काढा, असं तिला पुष्कळांनी सुचवलं. तिनं झाडं लावली. केळींच्या वर आता पोफळी गेल्या आहेत आणि मागच्या दारातून पुन्हा हिरवंच दिसतं. परवा मी तिला फोन केला, भाचीसाठी खोली आहे का विचारायला. मध्येच दुसऱ्या फोनवर तिनं कुणाला तरी सांगितलेलं मला ऐकू आलं, "नाही, समुद्र दिसत नाही. मध्ये आमची वाडी आहे."

मग आम्ही बराच वेळ सुपारीबद्दल बोललो. तिच्या काळजीचा मी कधी विचारच केला नव्हता. सुपारी पिकते ती दिवाळीनंतर, थंडीत. पाहुण्यांचा हंगामही तोच. जी मुलं झाडावर चढू शकतात ती त्या दिवसांत वाळूवर, होड्यांवर आणि मोटारसायकलींवर असतात, आणि तिथली कमाई सोडून त्यांनी यावं असं तीही म्हणत नाही. त्या जुन्या गड्याचा नातू पॅरासेलिंगची दोरी धरतो. त्यानं तिला शब्द दिलाय, पहाटे येईन, नऊला किनारा सुरू व्हायच्या आत उतरेन. पण या शेंड्यावरून त्या शेंड्यावर जायचं त्याला कुणी शिकवलेलं नाही, आजोबा लवकर गेले.

"यंदा पहिलं पीक आहे," ती म्हणाली. "झाडं अजून ठेंगणी आहेत ताई, शिडीवरून हात पोचतो. आणखी चार-पाच वर्षं पोचेल. तेवढ्यात शिकेल तो."