चाकावरचं घर

अण्णा बीडचं घर विकून गाडीत राहायला जाणार आहेत, हे मला शेजारच्या काकांच्या फोनवरून कळलं. "काय बाप्पा, तुझ्या वडलांनी गाडीत संसार मांडायचं ठरवलंय म्हणे?" मी स्टॅण्ड-अप मीटिंगमध्ये होतो. (आमची स्टॅण्ड-अप बसूनच होते, पण तो वेगळा विषय आहे.) मला वाटलं, काका मस्करी करताहेत.

मस्करी नव्हती. अण्णा ३१ मे २०२४ ला जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले. पहिले दोन महिने सत्कार, शाली आणि नारळ यांत गेले. मग मी त्यांना नवा फोन घेऊन दिला, आणि अमेरिकेतली म्हातारी जोडपी मोठ्या मोटारीत किचन-बेडरूम थाटून वर्षभर कशी हिंडतात याचे व्हिडिओ ते बघायला लागले. तिकडे याला आरव्ही म्हणतात आणि बारा महिने तसं राहणाऱ्यांना फुलटायमर. ३५ वर्षं फुलटाइम नोकरी केलेल्या माणसाला रिटायरमेंटनंतरही फुलटाइमच काहीतरी हवं होतं, त्याला कोण काय करणार!

दिवाळीत घरी गेलो तर प्लॅन तयार. घर विकायचं, त्या पैशातून पुण्यात एका बॉडीबिल्डरकडून ट्रॅव्हलरचा कॅम्पर करून घ्यायचा, उरलेले बँकेत टाकायचे आणि पेन्शनवर हिंडायचं. काश्मीर ते कन्याकुमारी, घाई नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याची प्रिंट अधोरेखित करून ठेवलेली. मी माझ्या सवयीने एक्सेल उघडलं. रोज शंभर किलोमीटर धरले तर नुसतं डिझेलच हजाराच्या घरात जात होतं. मग अण्णांनी "रोज कशाला, एकेका ठिकाणी आठ दिवस राहू" असं म्हणून माझा सेलच बदलून टाकला. गावाकडची एखादी व्हॅन घेऊन मिस्त्रीकडून आत पलंग ठोकून घेण्याचा स्वस्त पर्यायही त्यांच्याकडे होता. त्यावर मी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढून दाखवलं. गाडीच्या मूळ रचनेत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत.

आई या सगळ्यात शेंगा सोलत बसली होती. शेवटी एवढंच म्हणाली, "मला ते कोपीवानी दिसतंय."

आता ज्यांना बीड फक्त बातम्यांतून माहीत आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमच्या जिल्ह्यातली लाखो माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि ती अंगावर फेडायची. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे चार-सहा महिने, उघड्या रानात बांबू, चटई आणि पाचटाच्या कोपीत राहायचं. पहाटे तीन-चारला उठायचं. माझे आजोबा-आजी धारूर तालुक्यातले, दोघंही ऊसतोडीला जायचे. आई पहिली सात-आठ वर्षं त्यांच्याबरोबर फिरली. ट्रकमध्ये बैल, भांडी, पीठ, कोंबड्या आणि एका कोपऱ्यात ही. नंतर तिच्या आजीने हट्टाने तिला गावात ठेवून घेतलं म्हणून ती सातवीपर्यंत शिकली. दसरा झाला की गावात फक्त म्हातारी आणि शाळकरी पोरं उरायची आणि निम्म्या दारांना कुलपं, असं ती सांगते.

म्हणजे अण्णा ज्याला स्वातंत्र्य म्हणत होते, ते आईने वयाच्या आठव्या वर्षाच्या आतच भरपूर करून घेतलं होतं. बीडचं घर बांधताना पायाच्या दगडावर पाणी मारायला ती स्वतः जायची. ते विकायला काढणाऱ्या माणसाबद्दल तिचं मत काय असेल, ते मी इथे लिहीत नाही.

तोडगा माझा. (माझाही स्वार्थ होताच. घर गेलं आणि उद्या अण्णांचं बीपी वाढलं, तर कॅम्पर माझ्या पुण्याच्या वन-बीएचकेच्या पार्किंगमध्येच येणार. आणि ते पार्किंगही सोसायटी देत नाही.) आधी भाड्याची गाडी घेऊन २१ दिवस राहून बघा, मग काय ते ठरवा. जानेवारी २०२५ मध्ये निघालो. गोकर्णपर्यंतचे आठ दिवस मी बरोबर होतो, लॅपटॉप आणि हॉटस्पॉटसकट.

पहिलं खरं सांगतो, मजा आली. सकाळी मागचं दार उघडावं आणि समोर अख्खा तलाव, हातात आईचा चहा, आणि चेक-आउटची वेळ नाही. अण्णा हे असे मोकळे हसताना मी लहानपणी सुद्धा पाहिले नव्हते. मुख्याध्यापकांना हसायला परवानगी नसते बहुतेक. पाण्याच्या टाकीबद्दल गाडीवाल्याने सांगितलं होतं, शंभर लिटर आहे, दीड दिवस पुरेल. आईने तीन दिवस पुरवलं. ज्या भागात टॅंकर आला की घागरी मोजल्या जातात, तिथल्या बाईला पाणी पुरवून वापरायला कुणी शिकवू नये.

संडासाचा डबा मात्र विसरता येत नाही. अमेरिकेत तो रिकामा करायला जागोजागी सोय असते. आपल्याकडे पेट्रोल पंपावर जाऊन "तुमच्या संडासात हे ओतू का?" असं विचारायचं. तिसऱ्या दिवशी, हजारभर मुलांना शिस्त लावलेला माणूस कराडजवळच्या एका पंपावर निळा डबा हातात धरून रांगेत उभा होता. आईने फोटो काढला. तो आमच्या फॅमिली ग्रुपवर अजून अधूनमधून येतो. दोन माणसं सहा फूट रुंदीत राहिली की भांडायलाही जागा उरत नाही. घरी अण्णा रागावले की गच्चीवर जातात. इथे ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसायचे आणि तोंड रस्त्याकडे करायचे. तेवढीच गच्ची. रात्री गाडी कुठे लावायची हा प्रश्न रोज चार वाजल्यापासून सुरू. कॅरॅव्हॅन पार्क धोरणात आहेत, आम्हाला रस्त्यात एकही लागलं नाही.

कोल्हापूरच्या अलीकडे एका उसाच्या फडाशेजारी थांबलो. वाढ्याचे भारे, टायरच्या बैलगाड्या, पलीकडे निळ्या ताडपत्रीच्या दहा-बारा कोप्या. आईने त्या लांबूनच ओळखल्या. न बोलता खाली उतरली आणि सरळ तिकडे चालत गेली. गुडघ्यांमुळे गाडीची पायरी रोज कुरकुरत उतरणारी बाई. एका कोपीसमोर साठीच्या आसपासची एक बाई भाकरी थापत होती. "कुठलं गाव म्हणायचं?" आईने विचारलं. धारूरकडचंच निघालं, आईच्या माहेरापासून दोन कोसांवर. मग काय, तासभर गाडी हललीच नाही.

निघताना ती बाई कॅम्पर बघायला आली. गॅस, बेसिन, फ्रिज, गादी, सगळ्यांवरून नजर फिरवली. "समदं हाय की. आन् तुमचं घर कुठाय?"

"बीडला आहे," आई म्हणाली.

"मग हिंडा की निवांत."

गाडी चालू झाल्यावर अण्णा बराच वेळ गप्प होते. आईसुद्धा. मी कॉलवर असल्याचं नाटक केलं.

गोकर्णच्या आदल्या रात्री आम्ही लॅपटॉपवर 'नोमॅडलॅंड' बघितला. जेसिका ब्रूडरच्या २०१७ च्या पुस्तकावरचा, २०२१ मध्ये ऑस्कर मिळवलेला. अण्णांच्या व्हिडिओंत न दिसणारी अमेरिका त्यात आहे. २००८ च्या मंदीनंतर परवडेना म्हणून व्हॅनमध्ये राहणारे म्हातारे लोक, आणि पोटासाठी गोदामात, कॅम्पग्राउंडवर केलेली हंगामी कामं. त्यातलं एक काम बीटाच्या काढणीचं. आईला मी समजावून सांगितलं की त्या बीटापासून तिकडे साखर करतात. ती म्हणाली, "म्हणजे तिकडंबी साखरच की!" यानंतर अण्णांनी अमेरिकेचं नाव काढायचं कमी केलं.

मलाही उत्सुकता वाटली म्हणून थोडं वाचलं. फुलटायमरांना पत्ता लागतोच. म्हणून साउथ डकोटात एक रात्र राहिल्याची पावती दाखवून तिथले रहिवासी होता येतं. १९७८ पासूनचा एस्केपीज नावाचा त्यांचा क्लब टेक्सासात सभासदांची टपाल सांभाळतो. आणि ज्यांचं वय झालं, हिंडणं जमेना, त्यांच्यासाठी तिथेच गाडी कायमची लावून राहायची, देखभालीची सोय केली आहे. आपल्याकडे आधार, बँक, गॅस, मतदारयादी सगळं घराच्या दाराला बांधलेलं. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला निदान मोबाईलवर चेहरा दाखवून देता येतो. पण २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान होतं तेव्हा गाळप सुरू होऊन पाच दिवस झाले होते आणि आमच्याकडची हजारो माणसं फडावर होती. हिंडत्या माणसाला कुणी मोजत नाही, हे बीडवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

उरलेले तेरा दिवस दोघांनीच काढले. हंपीत त्यांचं भांडण झालं आणि बदामीत मिटलं, कारण विचारायची हिंमत मला झाली नाही. बदामीच्या लेण्यांच्या पायऱ्या आई चढू शकली नाही म्हणून अण्णाही खाली थांबले. व्हिडिओ कॉलवर मला दोघं तळ्याकाठी पेरू खाताना दिसले.

घराची जाहिरात काढली आहे. आईची अट अशी, की संक्रांतीनंतर निघायचं आणि पाडव्याला गुढी आपल्या दारात उभी करायची. दसरा, दिवाळी तर बाहेर अजिबात नाही. गाडी भाड्याची, आणि संडासाचा डबा शेवटपर्यंत अण्णांकडेच. अण्णांनी मान हलवली. पण बॉडीबिल्डरला दिलेला ५१ हजारांचा ॲडव्हान्स त्यांनी अजून परत मागितलेला नाही. मी दोनदा विषय काढला. दोन्ही वेळा ते गच्चीवर निघून गेले.