फुफीच्या नावाची पावती

भेंडीबाजारातल्या आमच्या जुन्या खोलीचं भाडं महिन्याला 138 रुपये आहे. मुंब्र्यातल्या शेजाऱ्यांना हा आकडा सांगितला की ते हसतात. एवढ्यात आता दोन किलो मटणसुद्धा येत नाही, म्हणतात. आम्हीही हसत असू. पण त्याच 138 रुपयांच्या पावतीने गेल्या वर्षी आम्हा तिघा भावंडांना मान खाली घालायला लावली. ती हकीकत लिहायची असं तिघांनी मिळून ठरवलं. आमच्यातली मधली शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, म्हणून लिहिण्याचं काम तिच्याकडे आलं. गोष्ट मात्र तिघांची आहे.

क्रॉफर्ड मार्केटवरून मोहम्मद अली रोडने उत्तरेकडे निघालं की मिनारा मशिदीनंतर, जे. जे. नाक्याच्या अलीकडे, डाव्या हाताला या गल्ल्या लागतात. फोर्टातल्या कचेऱ्या आणि गोदी दोन्ही पायी जाण्याच्या अंतरावर. म्हणूनच तर इथे माणसं आली. दुकानदार बोहरी आणि मेमन, उत्तरेकडचे कारागीर, आमच्यासारखे कोकणी खलाशी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुरादाबादकडून छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तीन गवई भाऊ इथेच येऊन राहिले आणि त्यांच्या गायकीला भेंडीबाजार घराणं हेच नाव पडलं. अंजनीबाई मालपेकर नजीर खाँसाहेबांकडे शिकल्या. छज्जू खाँसाहेबांचे चिरंजीव अमान अली खाँ यांच्याकडे लताबाईंनी तालीम घेतली. अब्बा हे फार अभिमानाने सांगत, जणू खाँसाहेब आमच्याच मजल्यावर राहत होते.

आमचे दादा रत्नागिरीकडचे, बोटीवर खलाशी. आधी गावजमातीच्या खोलीत दहा-बारा जणांत राहिले. मग 1952 मध्ये पागडी भरून दुसऱ्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली घेतली. लाकडी जिना, त्याला कठड्याऐवजी बांधलेला जाड दोर, पुढे लांबलचक सामायिक गॅलरी, टोकाला सगळ्या मजल्याचे मिळून चार संडास. खोलीत मोरी आणि वर पोटमाळा. पाणी पहाटे साडेचारला यायचं, तेव्हा सगळा मजला जागा व्हायचा. रमजानमध्ये तर झोपायचंच कोण! मगरिबच्या आधी गॅलरीतून झाकलेल्या थाळ्या इकडून तिकडे जायच्या आणि कुठली थाळी कुणाची हे शेवटी कुणालाच कळायचं नाही. ईदनंतर आठवडाभर थाळ्या परत करायचं काम आम्हा मुलांचं.

त्या गॅलरीत आम्ही पाच भाषा ऐकल्या. शेजारच्या बोहरी बाईंची गुजराती, समोरच्या मेमन कुटुंबाची कच्छी, कोपऱ्यातल्या मास्तरांची लखनवी उर्दू, दादीची कोकणी आणि शाळेतली मराठी. आमच्यातली मधली दोन भाषा शिकवून पोट भरते याचं मूळ बी.एड.मध्ये नाही, त्या गॅलरीत आहे. शाळेच्या पहिल्या बक्षिसाचं पुस्तक फुफीने तिला जे. जे. नाक्यावरच्या मकतबा जामियामधून घेऊन दिलं होतं.

फुफी म्हणजे अब्बांची धाकटी बहीण. सव्वीसाव्या वर्षी बेवा होऊन ती परत या खोलीत आली. मूलबाळ नव्हतं. दादा-दादी, अब्बा-अम्मी, आम्ही तिघं आणि फुफी, असे आठ जण तिथे राहत होतो. 1994 मध्ये अब्बांनी मुंब्र्याला घर घेतलं. त्या दोन वर्षांत आमच्या ओळखीची कितीतरी घरं तिकडे गेली. आम्ही गेलो आणि फुफी दादा-दादींजवळ राहिली. 1996 मध्ये दादा गेले, 2003 मध्ये दादी गेल्या. दोघांचं आजारपण तिनेच काढलं. ती साड्यांना फॉल लावायची, बुरखे शिवायची. भाडंही तीच भरायची. पण दादा गेल्यावर मुनीमजींनी विचारलं, “घरात मर्द कोण?” आणि पावतीवर अब्बांचं नाव चढलं. तेव्हा अब्बांना मुंब्र्याला जाऊन दोन वर्षं झाली होती. यात काही चुकतंय असं कुणालाच वाटलं नाही. आम्हालाही नाही.

पुढची गोष्ट समजायला पागडीचा व्यवहार थोडा सांगायला हवा. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी जवळपास गोठवली. भाडेकरू घरात घट्ट बसला, गरिबाच्या डोक्यावर छप्पर राहिलं. पण हातात नाममात्र भाडं येणाऱ्या मालकाने दुरुस्तीतून हात काढला. 1969 च्या कायद्याने दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ आलं, त्यासाठी उपकर लागला, आणि इमारतींना टेकू लागले. आमच्या इमारतीचा टेकू आम्ही लहान होतो तेव्हापासून आहे. त्याच्याभोवती आम्ही पकडापकडी खेळलो. तो तात्पुरता असतो हे आम्हाला मोठेपणी कळलं.

31 ऑगस्ट 2017 ला सकाळी पाकमोडिया स्ट्रीटवरची हुसैनी इमारत कोसळली. बकरी ईद दोन दिवसांवर होती. 33 माणसं गेली. आमची इमारत तिथून दोन गल्ल्या सोडून. फुफीचा फोन लागेपर्यंत आम्ही तिघं तीन ठिकाणी उभे होतो, कुणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता. दुपारी तिचा आवाज आला, “मी बरी आहे, धूळ फार आहे.” त्या दिवसापासून आम्ही जुन्या इमारतींचं कौतुक करणं सोडून दिलं. बाहेरून येऊन कोरीव लाकडी सज्जांचे फोटो काढणाऱ्यांना आत झोपायचं नसतं.

2009 पासून तिथे सैफी बुऱ्हाणी ट्रस्टची मोठी योजना चालू आहे. साडेसोळा एकर जागा, सुमारे अडीचशे इमारती, 3,200 कुटुंबं आणि 1,250 दुकानं. किमान साडेतीनशे फुटांचं मालकी हक्काचं घर मिळेल असं ठरलं. पहिले दोन मनोरे उभे राहून लोक राहायलाही गेले. आमची इमारत त्या हद्दीबाहेर आहे. पण शेजारी मनोरे दिसू लागल्यावर आमच्या मालकाकडेही एक विकासक आला, आणि त्याचा माणूस मुंब्र्याला भाईजानकडे आला. अब्बा 2019 मध्ये गेले होते. पावती त्यांच्या नावावर, तेव्हा सह्या आम्हा तिघांच्या. साडेतीनशे फुटांचं घर घ्या, नाहीतर हक्क सोडून रोख रक्कम घ्या, असं त्याने सांगितलं.

त्या रात्री आम्ही तिघं बसलो. भाईजानच्या मुलीचं कॉलेज, मधलीच्या घराचे हप्ते, धाकट्याचं दुकान. कागदावर रकमेचे तीन भाग केले. चहा दोनदा झाला. त्या दोन तासांत फुफीचं नाव एकदाच निघालं, ती राहील कुणाकडे एवढ्यापुरतं. तिला आम्ही आळीपाळीने ठेवून घेणार होतो आणि हा आपल्याला मोठेपणा वाटत होता.

रविवारी जुने कागद आणायला गेलो. फुफीने पोटमाळ्यावरून पत्र्याची पेटी काढायला लावली. आत तारेला ओवलेल्या पावत्या होत्या, वर्षावर्षाच्या वेगळ्या. दादांच्या नावाच्या, मग अब्बांच्या नावाच्या. प्रत्येकीच्या मागे तिच्या उर्दू अक्षरात त्या महिन्याची नोंद: “फॉलचे पैसे आले”, “अम्माच्या दवेसाठी उसने घेतले, भाडं दिलं”, “भाईजानने ईदीचे पाठवले, त्यातून दिलं”. शेवटचा भाईजान म्हणजे अब्बा. मधली वाचत होती, बाकीचे दोघं ऐकत होते. चौथ्या-पाचव्या पावतीनंतर तिला वाचवेना.

“न्या बेटा,” फुफी म्हणाली, “तुमच्या अब्बांची अमानत आहे. मी फक्त सांभाळली.”

कुठे सही करायची हेही तिने विचारलं. आम्ही पेटी तिथेच ठेवली आणि परत आलो. ट्रेनमध्ये कुणी कुणाशी बोललं नाही. मुंब्रा यायच्या आधी धाकटा म्हणाला, “आपण तिला घराबाहेर काढणार होतो ना?” भाईजान नुसते खिडकीबाहेर पाहत राहिले.

ओळखीच्या वकीलबाईंना विचारलं. त्यांनी सांगितलं, 1999 च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात आणि त्याआधीच्या कायद्यातही, भाडेकरू वारला की त्याच्यासोबत त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसाचा हक्क आधी येतो. दादा गेले तेव्हा फुफी त्यांच्याजवळ होती, अब्बा नव्हते. म्हणजे जे आम्ही तीन भागांत वाटत होतो, ते मुळात आमचं नव्हतंच. आम्ही तिच्यावर उपकार करायला निघालो होतो तेही तिच्याच घराच्या पैशांतून.

नाव बदलणं सोपं गेलं नाही. मालकाच्या कचेरीत आधी टोलवाटोलवी झाली, मग नजराणा मागितला. आम्ही तिघांनी हक्क नसल्याची प्रतिज्ञापत्रं करून दिली, जुन्या पावत्या, रेशनकार्ड, मतदारयादीतली नावं जोडली. सात महिने गेले. विकासकाच्या माणसाचे फोन भाईजानला येत राहिले. घरातही बोलणं झालं, ते लपवत नाही. एवढी रक्कम सोडायची म्हटल्यावर घरच्यांनाही विचार करावा लागतो. पण पावत्यांच्या मागचं वाचून दाखवल्यावर वाद थांबला.

रमजानच्या आदल्या आठवड्यात फुफीच्या नावाची पहिली पावती आली. ती तिने चष्मा लावून दोनदा वाचली आणि मागे काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

इमारत पाडायचं काम अजून सुरू नाही. यंदाच्या पावसाळ्याआधी म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी आली तेव्हा आम्ही पहिल्यांदा स्वतःची इमारत शोधली. यादीत नव्हती. तरीही पावसाळाभर फुफी मुंब्र्यात आमच्याकडे आहे. भाडं भरायला मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला ती स्वतः जाते, आमच्यापैकी एक जण सोबत असतो. करारावर सही तीच करणार आहे, साडेतीनशे फुटांचं घर तिच्या नावावर होणार आहे, आणि काम चालेपर्यंतचं भाडं तिच्याच खात्यात जमा होणार आहे.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची अशी एखादी जुनी खोली शहरात असेल, आणि तिथे कुणी फुफी, खाला किंवा मोठी आपा राहत असेल. घरी जाऊन पावती कुणाच्या नावावर आहे ते एकदा पाहा. आणि ती दर महिन्याला कोण भरतं, तेही विचारा.